आठ नंबरची बाई

ही गोष्ट खरी आहे.

माहीत आहे, इथे सगळेच असं म्हणतात. कुणाच्या तरी मामाच्या मित्राला रस्त्यात बाई दिसते, बाईचे पाय उलटे असतात आणि खाली दोनशे जण "बापरे" लिहून जातात. माझ्या गोष्टीत उलटे पाय नाहीत. स्मशान नाही. मध्यरात्र तर अजिबात नाही.

जे घडलं ते शनिवारी दुपारी पावणेतीनला घडलं.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. या वर्षी त्याला सात वर्षं होतील. आमच्याकडे, उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर, तेव्हा पावणेतीनलाच खिडकीत दिवे लावावे लागतात. त्यामुळे हवं तर तुम्ही त्याला रात्र म्हणा. ज्यांना रात्रीशिवाय भीतीच वाटत नाही त्यांची सोय झाली.

गावाचं नाव लिहीत नाही. गोष्टीतल्या स्टेल्लानचं आडनावही नाही. स्वतःचं नाव कुठे छापून आलं की तो कात्रण काढून फ्रेम करतो. तेवढंही सुख मी त्याला देणार नाही.

घडलं ते माझ्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत. वेंडेला. तेव्हा ती एकोणीसची होती, मी दहाची. तिने मला हे सगळं तुकड्या-तुकड्याने सांगितलं. शेवटचा तुकडा मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

आधी तिच्या आवाजाबद्दल सांगते.

वेंडेलाचा सूर सरळ होता. फूटपट्टी ठेवून रेघ मारावी तसा. कितीही लांब लावला तरी हलायचा नाही, थरथरायचा नाही. ती गायला लागली की चर्चमध्ये लोक डोळे पुसायचे. आणि ती त्यांच्याकडे असं बघायची, जणू त्यांनी नाक शिंकरायला तिचाच मफलर मागितलाय.

एकच खोड होती. लांब सूर लावायच्या आधी ती नाकाने झटकन श्वास ओढायची. सर्दी झालेल्या पोरासारखा.

सुक्.

गाणं शिकवणारी ओदील सांगून थकली. खोड गेली नाही.

ही खोड लक्षात ठेवा.

चर्चच्या क्वायरमध्ये वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका होत्या बारा. त्यातल्या सात जणी म्हाताऱ्या. त्यांची म्होरकी गुन्वोर. वय चौऱ्याहत्तर. अख्खा जन्म शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केलेला. गावातल्या निम्म्या लोकांनी दर गुरुवारी तिच्याच हातचं वाटाण्याचं सूप खाल्लंय आणि निम्म्यांनी ते लपवून ओतून दिलंय. एक्कावन्न वर्षं ती पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी उभी राहायची. हॉलच्या स्वयंपाकघरात प्रत्येकीचा कॉफीचा कप खिळ्याला टांगलेला असे. गुन्वोरचा निळा. कडेला टवका उडालेला.

आणि गुन्वोरचा सूर हलायचा.

थोडासा नाही. चांगला ऐसपैस. लाटेवरच्या होडीसारखा वर-खाली, वर-खाली. एका सुरात तीन सूर ऐकून घ्या.

घरी जेवताना वेंडेला तिची नक्कल करायची. एका हाताने स्वतःचा गळा धरून गदागदा हलवायची आणि गायची. "मेंऽऽऽहेंऽऽऽहेंऽऽऽ." मी इतकी हसायचे की दूध नाकातून यायचं.

आई म्हणायची, "वेंडेला, पुरे. वय झालं की तुझाही होईल तसा."

"माझा? शक्यच नाही. त्याआधी मी गाणंच सोडीन."

ओदीलसुद्धा तिला हेच सांगायची, पण वेगळ्या तऱ्हेने. "अगं, सरळ सूर हा कच्चा सूर. पंचविशीच्या आसपास गळा मोकळा होतो आणि सूर आपोआप हलायला लागतो. आत कुणीतरी राहायला आल्यासारखा. मग तो भरतो. पन्नाशीत गडद होतो. पुढे सैल पडतो, ते खरं. पण मधली सगळी वर्षं तुझी असतात."

"मला नकोत," वेंडेला म्हणाली. "मला हाच आवाज हवाय."

तिला गायिका व्हायचं होतं. साधीसुधी नाही. स्टॉकहोमच्या संगीत महाविद्यालयात शिकून, लोकांनी तिकीट काढून ऐकावी अशी. दुसरं काहीच होण्याचा तिने कधी विचारही केला नव्हता. हे तिचं एकच स्वप्न आणि त्यासाठी एकच भांडवल. तो आवाज.

आणि मग आला स्टेल्लान.

नवा कांतोर. म्हणजे ऑर्गन वाजवणारा आणि क्वायर चालवणारा माणूस. अडतीस वर्षांचा, गळ्यापर्यंत काळा स्वेटर, कॉफीत ओटचं दूध. स्टॉकहोमहून आमच्यावर उपकार करायला आलेला. पहिल्याच तालमीला त्याने डोळे मिटून सगळ्यांचं गाणं ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला, "सूर मेणबत्तीसारखा हवा. मला इथे जेली ऐकू येतेय."

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

वेंडेला खुदकन हसली. बस. तेवढ्यावरच दोघांची गट्टी जमली.

दोन महिन्यांत त्याने चाचणी जाहीर केली. पंचावन्नच्या वरच्या सगळ्या बायकांनी पुन्हा आवाज तपासून घ्यायचा.

"यात वयाचा काही संबंध नाही," तो म्हणाला.

"मग पंचावन्नच्या वरच्याच का?" मायब्रिटने विचारलं. ही मायब्रिट दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली, अडुसष्टची, जीभ दाभणासारखी. "खालच्यांच्या गळ्याला गॅरंटी कार्ड आहे का?"

"मायब्रिट, मी आवाजाबद्दल बोलतोय."

"मीसुद्धा. तुझा ऐकला आम्ही परवा. तुला घेतलं कसं?"

सगळ्या हसल्या. स्टेल्लान हसला नाही. तसल्या माणसांना विनोद फक्त स्वतःचेच कळतात.

चाचणीची पद्धत त्याने मोठ्या न्यायाची म्हणून आखली. गाणारी पडद्यामागे. ऐकणारे पडद्यापुढे. बूट बाहेर काढून यायचं, नुसत्या मोज्यांवर. म्हणजे कुणाची चाल ओळखू यायला नको. एका कपात चिठ्ठ्या, एक ते सात. आली की आपली चिठ्ठी पडद्याखालून सरकवायची. बोलायचं नाही. एकच सूर, 'ऊ'वर, जमेल तितका लांब. ऐकणारे दोघं. स्टेल्लान आणि वेंडेला. दोघांचीही फुली पडली तर ती बाई क्वायरमधून बाहेर. गुरुवारच्या पेन्शनर मंडळात जायचं, अकरा वाजता, कॉफी प्यायची आणि टाळ्या वाजवायच्या.

बदल्यात स्टेल्लान वेंडेलाला महाविद्यालयासाठी शिफारसपत्र देणार होता. आणि पुढच्याच रविवारी, नाताळआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या दिवशी, एकटीने गायचा मानही.

एकोणीस वर्षांची पोर आजीच्या वयाच्या बायकांना पास-नापास करणार. तिला लाज वाटली का?

छे. तिने पेन्सिलला टोक करून घेतलं.

चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या. सात.

शनिवारी दीड वाजता सगळ्या जमल्या. पडदा म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचं जुनं कापड. त्यावर नोहाची नौका रंगवलेली. एक जिराफ, दोन हत्ती आणि माकड की मांजर ते कळत नाही असं काहीतरी. कापडामागे स्वयंपाकघराचं दार. त्या दारामागे सात जणी कॉफी पीत बसलेल्या.

वेंडेला स्वतःसाठी कॉफी घ्यायला आत गेली तेव्हा मायब्रिट दालचिनीचा बन तोडता तोडता म्हणाली, "ये बाई, न्यायाधीश. साखर किती? की गोडाचीही फुली?"

"मी फक्त ऐकणार आहे."

"ऐक, ऐक. तुझीही पाळी येईल. तुझाही सूर हलेल एक दिवस."

"तो दिवस आला की मी स्वतःहून जाईन," वेंडेला म्हणाली. "कुणी हाकलायची वाट बघत बसणार नाही."



गुन्वोरने फक्त साखरेची वाटी पुढे सरकवली.

चाचणी सुरू झाली. एक नंबर, तीन नंबर, सात नंबर, चिठ्ठी निघेल तशी. स्टेल्लानने टेबलावर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. "नंतर रडारड नको," तो म्हणाला.

मोज्यांवरची पावलं जेमतेम ऐकू यायची. घासल्यासारखी. मग जिराफाच्या पायाखालून चिठ्ठी यायची. मग सूर.

चार नंबर आली तेव्हा वेंडेलाने पहिल्याच क्षणी ओळखलं. गुन्वोर. ती होडी दुसऱ्या कुणाची असणार? वेंडेलाने स्टेल्लानकडे बघितलं, स्वतःचा गळा धरून हलवला. स्टेल्लानने हसू दाबलं.

खर्र. खर्र. त्याची फुली.

खर्र. खर्र. तिची.

सातही जणींचं झालं. तिघींना दोन-दोन फुल्या. बाहेर अंधार झाला होता. स्टेल्लानने कागद गोळा केले, घड्याळात बघितलं. दोन शेहेचाळीस.

"चला, गोठा साफ झाला," तो म्हणाला.

आणि तेव्हाच...

जिराफाच्या पायाखालून एक चिठ्ठी आली.

पावलं वाजली नव्हती. दार वाजलं नव्हतं. घासल्याचा आवाजही नाही.

नुसती चिठ्ठी.

वेंडेलाने उचलली. त्यावर आठ लिहिलं होतं.

वेंडेलाचा आठ वेगळा असतो. एकावर एक दोन गोळे, बर्फाच्या माणसासारखा. अख्ख्या गावात तसा आठ कुणी काढत नाही. चिठ्ठीवरचा आठ तसाच होता. फक्त रेघ कापरी होती. लिहिणाऱ्याचा हात थरथरत असावा तशी.

वेंडेलाच्या डोक्यात सणक गेली. मायब्रिट! माझं अक्षर काढून माझीच टिंगल करतेय.

तिने चिठ्ठी स्टेल्लानला दाखवली. त्याने डोळे फिरवले. "म्हाताऱ्यांना खेळ सुचतोय. होऊ दे. आठ नंबर!"

पडद्यामागे कुणीतरी श्वास घेतला.

सुक्.

आणि सूर लागला.

सरळ. स्वच्छ. रेघेसारखा.

वेंडेलाचाच.

म्हणजे तिला वाटलं, नक्कल आहे. तिची नक्कल! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची नक्कल करत होतं. तिचे कान तापले.

सूर तसाच राहिला. दहा सेकंद. वीस. मग तो... हलला.

अगदी बारीक. दिव्याच्या ज्योतीला वारा लागावा इतकाच. आणि त्या हलण्याने सूर उजळला. आत कुणीतरी राहायला आलं. मग तो भरत गेला, रुंद होत गेला. खिडकीच्या काचा बारीक वाजायला लागल्या. वेंडेला सांगते, इतकं सुंदर तिने त्याआधी काही ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

श्वास कुठेच घेतला नव्हता.

मिनिट झालं. सूर गडद झाला. खाली उतरला नाही, पण जड झाला, भिजलेल्या लोकरीसारखा. दोन मिनिटं. मग कंप सैल पडायला लागला. हळू. मोठा. होडी लाटेवर. वर-खाली, वर-खाली.

श्वास नाहीच.

तीन मिनिटं. आता तो कापत होता. काठोकाठ भरलेला कप घेऊन कुणीतरी फार लांबून चालत येत असावं तसा. सांडत होता, पण थांबत नव्हता.

वेंडेलाला कळलं, म्हणजे तिला वाटलं की कळलं. मायब्रिट तिला दाखवत होती. बघ, तू अशी होणार.

स्टेल्लानची फुली पडली. खर्र. खर्र. मोठी, आडदांड.

वेंडेलाने पेन्सिल इतकी दाबली की टोक कागदात रुतलं.

खर्र.

सूर कापतच होता.

खर्र.

सूर थांबला.

विरला नाही. हळू झाला नाही. थांबला. जणू तिथे कधी नव्हताच.

"धन्यवाद," स्टेल्लान मोठ्याने म्हणाला. "फार करमणूक झाली. मायब्रिट, आता ये बाहेर."



त्याने उठून कापड बाजूला केलं. मागे कुणी नव्हतं. लाकडी फरशी. एक खुर्ची. तो तरातरा गेला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आत मोजलं. सात. सातही जणी बसलेल्या, हातात कप. मायब्रिटच्या तर तोंडात बन होता.

त्याने दार लावून घेतलं.

विचारलं काहीच नाही. वेंडेलानेही नाही. त्या बायकांना काही विचारावं, त्यांना काही माहीत असेल, असं त्या दोन शहाण्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग वेंडेलाचं डोकं चालायला लागलं. मायब्रिट अडुसष्टची आहे. ती मेंढीसारखं गाऊ शकेल. पण तो पहिला सूर? तो सरळ, एकोणीस वर्षांचा सूर ती कुठून काढेल?

"रेकॉर्डिंग लाव," ती म्हणाली.

लावलं. एकामागून एक सातही आवाज आले. मग स्टेल्लानचा आवाज, "आठ नंबर!"

सुक्.

आणि मग काहीच नाही.

चार मिनिटं नुसती खोली. हीटरची घरघर. बाहेर बर्फ ढकलणारी गाडी लांबून गेली. आणि त्या शांततेत, शेवटी, पेन्सिली.

खर्र. खर्र.

खर्र.

खर्र.

स्टेल्लानने ते रेकॉर्डिंग तिथेच पुसून टाकलं. पुढे कुणी विषय काढला की म्हणायचा, "त्या दिवशी मला ताप होता." असा हा न्यायाधीश.

रविवारी निकाल फळ्यावर लागला. गुन्वोरने तो वाचला, स्वयंपाकघरात गेली, खिळ्यावरचा निळा कप काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला. वेंडेला अ‍ॅडव्हेंटला एकटीने गायली. लोकांनी डोळे पुसले. शिफारसपत्र मिळालं.

महाविद्यालयाने नाकारलं.

"लहान आहेस," ते म्हणाले. "आवाज मोठा होऊ दे. मग ये."

ती दोन वर्षांनी गेली. पुन्हा नाही. पुन्हा दोन वर्षांनी. पुन्हा नाही. चौथ्यांदा गेली तेव्हा ती पंचवीसची होती. तिथल्या प्राध्यापक बाईने तिचा कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"पंचवीस? खरंच?"

"हो."

"पोरी, आवाज सुंदर आहे तुझा. पण त्यात कुणी राहत नाही."

वेंडेला घरी आली आणि तिने स्वतःची जुनी रेकॉर्डिंग काढली. एकोणीसचं आणि पंचवीसचं. दोन्ही एकदम लावली.

एकच आवाज ऐकू आला. केसाचाही फरक नाही.

त्या हिवाळ्यात ती आरशासमोर उभी राहून सूर हलवायचा प्रयत्न करायची. पोटाने ढकलून, जबडा हलवून. थंडीत सुरू न होणाऱ्या गाडीसारखा आवाज यायचा. जन्मभर गुन्वोरची नक्कल केलेली माझी बहीण गुन्वोर व्हायला धडपडत होती. मी हसले नाही.

बरं, थोडी हसले.

शेवटी ती गुन्वोरकडेच गेली. सहा वर्षांनी. गुन्वोर आता ऐंशीची. मी सोबत होते, कारण एकटीने जायची वेंडेलाची हिंमत नव्हती. गुन्वोरने दार उघडलं, बघितलं आणि म्हणाली, "या. साखर किती?"

टेबलावर तोच निळा कप.

"गुन्वोर, सूर हलतो कसा? मला शिकव."

"शिकवायचं काय त्यात? तो येतो आपला आपण. पाहुण्यासारखा. आपण फक्त दार उघडं ठेवायचं."

वेंडेला रडायला लागली. गुन्वोरने तिला रडू दिलं. मग बन पुढे सरकवत म्हणाली, "एक विचारू? केव्हाचं मनात आहे. ती तुझी कोण होती गं? त्या चाचणीला आणली होतीस ती."

"कोण?"

"ती म्हातारी. सातवी आत गेली तेव्हा बाहेरच्या दाराने आली. मोज्यांवर. तुझंच नाक. आम्हाला वाटलं, तुझी आजी असेल, परगावाहून आलेली. फार घाबरली होती बिचारी. म्हणाली, पहिल्यांदाच येतेय. चिठ्ठ्या संपल्या होत्या, मग मीच तिला कागद-पेन दिलं. हात इतके कापत होते, आठ काढायला मिनिटभर लागलं."

वेंडेलाने कप खाली ठेवला.

"मला विचारत होती, ऐकणारी मुलगी कडक आहे का? मी म्हटलं, आहे जराशी. पण मनाने वाईट नाही."

गुन्वोरने निळ्या कपात अजून कॉफी ओतली.

"गायली मात्र! दाराआडून ऐकलं आम्ही. सगळ्यांची कॉफी गार झाली. बाहेर आली ती कोट न घालताच निघून गेली. उणे अकरा होतं त्या दिवशी. मी हाक मारली... वळलीच नाही."

"तेव्हा सांगितलं का नाहीस?" वेंडेलाने विचारलं.

"तुम्ही विचारलं होतंत?"

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघी हॉलमध्ये गेलो. किल्ली आईकडे असते, ती रविवारी मुलांचा वर्ग घेते. वेंडेलाने नोहाचं कापड टांगलं. टेबल मांडलं. निकालाचा जुना कागद तिने कपाटातल्या फायलीतून शोधून काढला होता. खाली, सातच्या पुढे, आठ. समोर दोन फुल्या.

तिने खोडरबर काढला आणि स्वतःची फुली पुसली. कागद फाटेपर्यंत पुसली. बाहेर काढायला दोन लागतात. आता एकच उरली होती.

दोन शेहेचाळीस.

"आठ नंबर," ती म्हणाली. मग हळू, "प्लीज."

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

काहीच नाही. हीटरची घरघर.

"आठ नंबर, प्लीज."

खिडकीबाहेर पूर्ण अंधार. कापडावरचा जिराफ हलत नव्हता. मी म्हणणार होते, चल जाऊया, मला भूक लागलीय...

सुक्.

कापडामागे.

वेंडेला उठून उभी राहिली. दोन्ही हात टेबलावर. "गा," ती म्हणाली. "गा ना. मी ऐकतेय. हवा तितका हलू दे."

आम्ही थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. मग पलीकडून आवाज आला. सूर नव्हता तो.

खर्र.

वेंडेलाने माझा हात धरला.

खर्र.

दोन रेघा. एक अशी, एक तशी.

मी धावत जाऊन कापड ओढलं. लाकडी फरशी. एक खुर्ची. स्वयंपाकघराचं दार बंद. पेन्सिल नाही, कागद नाही, काही नाही.

वेंडेला आता लायब्ररीत काम करते. रविवारी चर्चमध्ये गाते. लोक अजून डोळे पुसतात. ती आता कुणाकडेच बघत नाही.

तिला एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते.

या उन्हाळ्यात माझा सूर हलायला लागला. मी सोळाची आहे. ओदील म्हणते इतक्या लवकर नाही होत असं. स्टेल्लान म्हणाला, "ते जरा आवर." मी म्हटलं, "तू आवर." कारण तो सूर भारी आहे! काचा वाजतात माझ्या सुराने. शाळेच्या कार्यक्रमात मी गायले तेव्हा मागची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. मला इतकं मोठं, इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.

कार्यक्रमाला गुन्वोर आली होती. नंतर भेटली. अभिनंदन नाही केलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा आवाज मी ऐकलाय. दाराआडून."

त्या दिवसापासून मी मुद्दाम तोंडाने श्वास घेते. प्रत्येक सुराआधी. अगदी लक्षात ठेवून, तोंड उघडं ठेवून.

काल रात्री मी माझंच रेकॉर्डिंग ऐकलं. खोलीत एकटीने केलेलं. आधी शांतता. मग, सुराच्या अगदी आधी...

सुक्.

मला सर्दी झालेली नाही.